ड्रायर मध्येच थांबला तर

पावसाळ्यात ओले कपडे घातलेला ड्रायर मध्येच थांबतो आणि पडद्यावर मोटरच्या बिघाडाचा कोड झळकतो. अशा वेळी काय करावे?

प्रत्येक कंपनीच्या कोडचा अर्थ वेगळा असतो. कोड लिहून घ्या, माहितीपुस्तिकेत पाहा. मग मशीन बंद करून प्लग काढा आणि तासभर थांबा. बऱ्याच मोटरींत एक सुरक्षा स्विच असतो. मोटर फार तापली की तो वीज तोडतो, गार झाल्यावर पुन्हा जोडतो. तोवर फिल्टरच्या जाळीवरची लव काढा, कपडे कमी करा.

आता ड्रम हाताने फिरवा. नेहमीपेक्षा फारच सैल फिरला, तर पट्टा तुटला असण्याची शक्यता असते. जड गेला, तर एखादा कपडा किंवा नाणे अडकले असेल, नाहीतर रोलर झिजले असतील. ड्रम नीट फिरतो, पण प्लग लावून सुरू केल्यावर मोटर नुसतीच घुमते? मग कपॅसिटर किंवा मोटर तपासावी लागते.

मशीन स्वतः उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. जळका वास आला किंवा कोड पुन्हा दिसला, तर ड्रायर बंदच ठेवा आणि जाणकार तंत्रज्ञालाच बोलवा.