फिरत्या घरातील वीज



बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडणे सांगलीला नवे नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि पुढे नाटकमंडळ्या सामानसुमानासह गावोगाव फिरल्या. सातारा-सांगलीच्या जत्रांत तंबूतले सिनेमे आले, तेव्हा त्यांच्या मालमोटारींबरोबर धडधडणारे जनित्रही आले. आता २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून, निजायला बिछाना आणि शिजवायला ओटा असलेली मोटार भाड्याने घ्यावी असे पुष्कळांच्या मनात येते. आमच्याही आले.

आम्ही सहकुटुंब तापोळ्याला मुक्काम केला. महाबळेश्वराहून वळणावळणाने उतरले की शिवसागराच्या काठी हे गाव लागते. रात्री दोन पंखे चालले, शीतपेटी चालली, सर्वांचे फोन भरले. सकाळी चालकाने सेल्फ मारला, तो नुसता 'कट्' असा आवाज! बॅटरी उतरली होती. शीतपेटीत थोरल्या वहिनींचे महिनाभराचे इन्सुलिन होते, आणि ऊन तर चढू लागले होते. ज्या जलाशयावर अवघ्या महाराष्ट्राला वीज पुरवणारा कोयना प्रकल्प उभा आहे, त्याच्याच काठी आम्ही विजेवाचून हात चोळीत बसलो होतो.

ही कोयनाच आपल्याला विषय समजावून देईल. शिवसागरात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते, तो साठा. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीच्या विद्युत्गृहात उतरते. ती उंची म्हणजे दाब. बॅटरीतही हेच दोन असतात. दाब १२ व्होल्ट, आणि साठा, समजा, १०० अँपिअर-तास. दोहोंचा गुणाकार १२०० वॉट-तास. परंतु शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक उपसू नये. तिचे आयुष्य घटते. म्हणजे खर्चायला ६०० उरले.

आता आमच्या रात्रीचा हिशेब पाहा. २५ वॉटचे दोन पंखे आठ तास: ४००. शीतपेटी ४५ वॉटची; ती थांबत थांबत चालते, म्हणून बारा तासांत सुमारे २७०. दिवे आणि फोन ६०. बेरीज ७३०! वाण्याच्या वहीत एवढी उधारी झाली असती तर आम्ही वेळीच जागे झालो असतो.

पण खरी चूक हिशेबाची नव्हे. गाडी सजवणाऱ्याने घराची वीज इंजिनाच्याच बॅटरीवर जोडली होती. इंजिन सुरू करायला काही सेकंद शेकडो अँपिअर लागतात; ती बॅटरी त्याच कामाची. घरासाठी वेगळी बॅटरी हवी. गाडी चालताना अल्टरनेटरने दोन्ही भराव्या आणि इंजिन बंद होताच मधल्या उपकरणाने त्यांची फारकत करावी. चुलत भावांचे जेवण एका पंक्तीला, पण तिजोऱ्या निरनिराळ्या!

इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० करतो म्हणून तो नवी वीज निर्माण करतो असा समज पसरला आहे. तो वीज मोडून देतो, आणि वर दलालीही घेतो. १५०० वॉटची चहाची किटली लावली की बॅटरीकडून सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. तेथे घरगुती पंख्याची तार वापरली तर ती तापून पेट घेईल. तार बोटाएवढी जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी लगत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये तार घासली तर तिला वाली कोण? थंड हवेचे यंत्र बॅटरीवर चालवण्याचा हट्ट तर आम्ही सोडूनच दिला आहे.

तळावर २३० व्होल्टची जोडणी मिळाली की माणूस निर्धास्त होतो. तेथेच अधिक जपावे. गाडी रबरी चाकांवर उभी असते, जमिनीशी तिचा संबंध नसतो. अर्थिंगची तार तुटलेली असेल आणि आत एखादी तार पत्र्याला लागली, तर सारा पत्रा जिवंत होतो. पायरीवर चढणारे पोर एक पाय ओल्या मातीत ठेवून त्याच पत्र्याला हात लावते. म्हणून ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक खटका गाडीत हवाच. तसेच, बंद गाडीत किंवा खिडकीखाली जनित्र लावून कोणीही झोपू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छपरावरच्या २०० वॉटच्या सौर तक्त्याने एप्रिलच्या उन्हात ८०० वॉट-तासांपर्यंत वीज मिळते. मात्र महाबळेश्वराला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात त्या तक्त्यावर भिस्त ठेवू नये.

तापोळ्यात एका जीपवाल्याने जम्पर लावून आमचे इंजिन सुरू करून दिले. पैसे घेईना, चहा मात्र घेतला, तोही चुलीवरचा. इन्सुलिन तोवर वहिनींनी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पाण्यावर तरंगत्या भांड्यात ठेवले होते. आता गाडी ठरवायला गेलो की बिछाने मागाहून पाहतो, आधी विचारतो, "घराची बॅटरी कोठे आहे, ती दाखवा." परवा एका मालकाने उत्तर देण्याऐवजी गाडीतील दूरदर्शन संच लावून दाखवला. वहिनी तत्काळ खाली उतरल्या.