टिकणारी शाई, टिकणारी नोंद

(लवासा, ता. मुळशी, जि. पुणे येथे ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या खिशाला लावलेल्या पेनात कोणती शाई आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. पेन उठले नाही तर आपण ते बदलतो आणि उठले तर लिहितो. परंतु आपण ज्या वह्यांत लिहिता, त्या साध्या वह्या नव्हेत. ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळेचे जनरल रजिस्टर, मालमत्तेच्या नोंदी, पंचनामे हे सर्व कागद आज लिहिले जातात. त्यांची खरी गरज मात्र तीस, पन्नास, प्रसंगी शंभर वर्षांनी भासते. म्हणून आज बॉलपेनमधील शाई, आणि विशेषतः पाण्यात कालवलेल्या रंगद्रव्याची टिकाऊ शाई, या विषयाची थोडी ओळख करून देण्याचे योजिले आहे. मी कला शाखेचा पदवीधर असल्याने रसायनशास्त्राच्या सूत्रांत शिरणार नाही. आपल्या कामाला उपयोगी पडेल तेवढेच सांगेन.

जुनी नोंद बोलते तेव्हा

अलीकडचेच उदाहरण घ्या. 2023 च्या सप्टेंबरात राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला. गावोगावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदबुके, शाळांची रजिस्टरे, महसुली कागद बासनांतून बाहेर निघाले. त्यांतील पुष्कळ मोडी लिपीत होते आणि ते वाचण्यासाठी मोडीचे जाणकार शोधावे लागले. प्रश्न कोणत्याही समाजाच्या दाखल्याचा असो, ज्या कागदावरील अक्षर वाचता येते तोच कागद साक्ष देऊ शकतो. अक्षर पुसट झाले की साक्षीदार मुका होतो आणि त्याची झळ ज्याने ते अक्षर लिहिले नाही अशा नातवाला लागते.

मुळशी तालुक्याला हे निराळे सांगावयास नको. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी 1921 मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला. पुढे मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले. त्याच जलाशयाच्या काठी लवासा नगराची उभारणी सुरू झाली, तेव्हा येथील जमिनींच्या व्यवहारांवरून वाद उठले व प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. अशा प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या हाती अखेर उरतो तो कागद.

आणि कागदाचा वैरी येथे घरोघर आहे, तो म्हणजे पाणी. सह्याद्रीच्या या पट्ट्यात चार महिने भिंतींना ओल असते. येथून जवळच असलेले पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचेही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माणसांच्या संसाराबरोबर त्यांचे कागदही त्या दिवशी भिजले. भिजलेला कागद वाळविता येतो. त्यावरील शाई विरघळून गेली असेल तर मात्र तो कोरा होऊन परत येतो.

काजळाची शाई

पाण्यातील रंगद्रव्याची शाई ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. दिव्याच्या ज्योतीवर झाकण धरून काजळ जमवावयाचे, ते बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ खलावयाचे आणि दौतीत भरून बोरूने लिहावयाचे, ही आपली जुनी रीत. ‘शाई’ हा शब्दच काळेपणा दर्शविणाऱ्या फारसी ‘सियाही’पासून आला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आणि त्यात अक्षराच्या वळणाबरोबर लेखनसाहित्याचीही दखल घेतली, यावरून त्या काळी या गोष्टीला किती महत्त्व होते हे ध्यानात येते.

पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हे या शाईचे मोठे प्रमाणपत्र आहे. 1930 ते 1934 या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद 45 खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील कित्येक कागद दीडशे-दोनशे वर्षांचे होते. आणि अक्षर काळेभोर होते. याचे कारण साधे आहे. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने विटत नाही, पाण्यात वा स्पिरिटमध्ये विरघळत नाही, हवेशी सहजासहजी संयोग पावत नाही. या शाईचे एक उणेही सांगितले पाहिजे. तिच्यातील डिंक पाण्याने पुन्हा मऊ होतो. म्हणून भिजलेला जुना कागद चोळला तर अक्षर फिसकटते. हे उणे आजच्या शाईने कसे भरून काढले, ते पुढे येईल.

इंग्रजी अंमलात लोह व मायफळाच्या आम्लापासून केलेली शाई कचेऱ्यांत आली. ती पक्की खरी, पण तिच्यातील आम्ल कालांतराने कागदच खाऊ लागते. नंतर फाउंटन पेनांसाठी रंजकांच्या शाया आल्या. या क्षेत्रात मराठी माणसाने नाव काढले. दिगंबर व गोविंद दांडेकर या बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईची पूड व वड्या तयार करण्यास आरंभ केला; ‘हॉर्स ब्रँड’ने सुरू झालेला तो व्यवसाय ‘कॅमल’ शाईमुळे घरोघर पोहोचला आणि कॅम्लिन या नावाने वाढला. 2011 मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात बहुसंख्य भाग घेतला.

बॉलपेनची अडचण

लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने आपल्या भावाच्या मदतीने बॉलपेन सिद्ध केले व 1938 मध्ये त्याचे पेटंट घेतले. टोकाशी एक बारीक गोळी, ती खाचेत फिरते आणि आतील शाई कागदावर आणते. या गोळीभोवतीची फट काही मायक्रॉनची असते. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. या पेनातील नेहमीची शाई पाण्याची नसते. ती द्रावकांत रंजक विरघळवून केलेली व पाण्याच्या हजारो पट दाट असते. ती गळत नाही, लवकर वाळते, स्वस्त पडते. परंतु तिच्यातील अनेक रंजके उन्हात विटतात आणि स्पिरिटसारख्या द्रावकाने सुटतात. कागदपत्रांत खाडाखोड करू पाहणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

रंजक आणि रंगद्रव्य यांतील भेद स्वयंपाकघरात सहज दिसतो. साखर पाण्यात विरघळते व दिसेनाशी होते. हळद विरघळत नाही, तिचे कण पाण्यात तरंगतात व मग तळाशी बसतात. रंजक साखरेसारखे, रंगद्रव्य हळदीसारखे. रंगद्रव्याचा कण टिकाऊ असतो, कारण प्रकाशाचा मारा त्याच्या पृष्ठभागावरच होतो, आतील भाग सुरक्षित राहतो. आणि तो कागदाच्या तंतूंत अडकून बसतो. पण हेच कण पेनात तळाशी बसले वा एकमेकांना चिकटले, तर ती बारीक फट क्षणात बंद होणार. पाणी, कण आणि गोळी यांचा मेळ कसा घालावयाचा, हाच शाई तयार करणाऱ्यापुढील मुख्य प्रश्न होय.

स्थिर शाईचे रहस्य

पहिले पाऊल दळण्याचे. बारीक कठीण मण्यांच्या घाणीत रंगद्रव्य दळून कण मायक्रॉनच्या काही दशांशापर्यंत आणतात व उरलेले जाड कण गाळून काढतात. कणाचा व्यास निम्मा झाला की तो तळाशी बसण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. बारीक दळण्याचे महत्त्व यात आहे.

दुसरे पाऊल कणांना दूर ठेवण्याचे. बारीक कण एकमेकांकडे ओढले जाऊन गुठळ्या करू पाहतात. म्हणून त्यांच्यावर विशिष्ट बहुवारिकाचे आवरण चढवितात. ते एकीकडून कणाला धरते व दुसरीकडून पाण्यात पसरून शेजाऱ्याला जवळ येऊ देत नाही. बाभळीचा डिंक काजळाच्या बाबतीत हेच काम करीत होता. पाणी मात्र क्षारमुक्त हवे. विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम ही व्यवस्था बिघडवून गुठळ्या करतो. शाई किंचित अल्कधर्मी ठेवतात, त्यानेही आवरण टिकते.

तिसरे पाऊल दाटपणाचे. शाई स्थिर असताना दाट हवी, म्हणजे कण बसणार नाहीत व ती गळणार नाही. लिहिताना मात्र पातळ हवी. बाटली हलविली की सॉस सैल होतो, तसा हा गुण. त्यासाठी शर्करेवर जिवाणू वाढवून मिळविलेला झँथन नावाचा डिंक अत्यल्प प्रमाणात घालतात. गोळी फिरू लागताच शाई पातळ होते, कागदावर टेकताच पुन्हा दाट. पाण्याच्या शाईची गोळीची पेने 1960 च्या दशकात जपानमध्ये आली आणि तेथीलच साकुरा कंपनीने 1984 मध्ये जेल शाईचे पेन बाजारात आणले. आपण ज्याला जेल पेन म्हणतो ते हेच.

याखेरीज टोकाशी शाई सुकू नये म्हणून ग्लिसरीन वा ग्लायकॉल, गोळी झिजू नये म्हणून वंगण, धातू गंजू नये म्हणून प्रतिबंधक आणि बुरशी धरू नये म्हणून परिरक्षक घालतात. डिंक व पाणी असल्यावर बुरशी येणारच. वाळल्यावर पाण्याने पुन्हा मऊ न होणारा बंधक घातल्याने जुन्या शाईचे उणे दूर होते. शेवटी शाईतील हवेचे बुडबुडे काढतात व रिफिलच्या मागील तोंडाशी ग्रीससारखा थर भरतात. अशी रिफिले उष्ण जागी आठवडेच्या आठवडे, टोक वर व टोक खाली, अशा दोन्ही स्थितींत ठेवून तपासतात. दोन्ही स्थितींतून काढल्यावर रेघ सारखी उमटली, तरच शाई स्थिर म्हणावयाची.

आपण काय करावे

येथे काही सूचना कराव्याशा वाटतात. कायम नोंदीसाठी रंगद्रव्याची शाई असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले काळे पेन निवडावे. प्रत्येक जेल पेनात रंगद्रव्यच असते असे नाही. काहींत रंजक असते. म्हणून घाऊक खरेदीपूर्वी स्वतः परीक्षा करावी. एका कागदावर ओळी लिहून एक दिवस वाळू द्याव्यात. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवावा, दुसऱ्यावर स्पिरिटचा बोळा दाबावा, तिसरा अर्धा झाकून महिनाभर उन्हात ठेवावा. तिन्हींत अक्षर टिकले तर ते पेन दप्तरात घ्यावे. या परीक्षेला खर्च जवळपास काहीच नाही.

खोडता येणाऱ्या शाईची पेने दप्तरात मुळीच वापरू नयेत. त्यांतील काहींचे अक्षर सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाला नाहीसे होते. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या कागदावर तेवढी उष्णता सहज पोहोचू शकते. उष्णतेवर छापलेल्या पावत्याही विटतात. त्यांची छायाप्रत काढून ठेवावी.

शिक्षकांनी मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. काचेच्या दोन बाटल्यांपैकी एकीत काजळ व नुसते पाणी, दुसरीत डिंकाच्या पाण्यात चांगले खललेले काजळ घालावे. पहिल्या बाटलीत काजळ वर तरंगेल वा गोळा होईल. दुसरीत पाणी काळे राहील. स्थिर शाईचे सारे शास्त्र मुलांना त्या दोन बाटल्यांत दिसेल.

कोणी म्हणेल, आता सातबारा संगणकावर आला, मग शाईची चिंता कशाला? परंतु संगणकात शिरणारी नोंदही पुष्कळदा हस्तलिखितावरूनच घेतली जाते, आणि वाद झाला की मूळ सहीचा कागदच मागितला जातो. पेशवाईतील कारकुनाला आपले अक्षर दोन शतकांनी कोणी वाचेल याची कल्पना नसेल. त्याने हाताशी असलेली चांगली शाई वापरली, एवढेच. आपल्या दप्तरातील पेन निवडताना तेवढी काळजी आपणही घ्यावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.