फ्लामेंको शिकायला अंदालुसियात

फ्लामेंको ही दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसिया प्रांताची कला. तिची तीन अंगे: कांते म्हणजे गाणे, तोके म्हणजे गिटारवादन आणि बायले म्हणजे नृत्य. परक्या प्रेक्षकाला आधी दिसते ते नृत्य, मग कानात भरते ती गिटार. जाणकारांच्या लेखी मात्र पहिला मान गाण्याचा. गिटार गायकाला उत्तर देते आणि नर्तकी त्याच्या ओळीचा अंदाज घेऊन पाऊल टाकते. 2010 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत फ्लामेंकोचा समावेश केला. त्याच्या कितीतरी आधीपासून जपान, फ्रान्स, अमेरिका अशा देशांतली तरुण मुले पाठीवर पिशवी अडकवून सेव्हिल, हेरेस आणि ग्रानादा गाठत आली आहेत.  असा प्रवास सुट्टीतल्या भटकंतीसारखा आखला तर फारसे हाती लागत नाही. ताल समजून, एका गावात मुक्काम ठोकून केला तर तो खरे शिक्षण ठरतो.

फ्लामेंकोचा इतिहास गितानो समाजाच्या इतिहासात गुंतलेला आहे. स्पेनमधल्या रोमा लोकांना गितानो म्हणतात. त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून निघून इराण, आर्मेनिया, बाल्कन अशा वाटेने शतकानुशतके पश्चिमेकडे सरकत गेले. रोमानी भाषेचे उत्तर भारतातल्या भाषांशी असलेले नाते अठराव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी दाखवून दिले. स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद 1425 सालची. सुरुवातीचे आदरातिथ्य फार काळ टिकले नाही. कोणाच्या तरी चाकरीत राहा, नाहीतर साठ दिवसांत देश सोडा, असे फर्मान 1499 साली निघाले. पुढे त्यांच्या भाषेवर आणि पोशाखावरही बंदी आली. 30 जुलै 1749 रोजी राजाज्ञेने देशभर धरपकड सुरू झाली. हजारो पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत कामाला जुंपले गेले आणि बायकामुलांना वेगळे कोंडले गेले. मार्तिनेते नावाचा गानप्रकार ऐकताना हे ठाऊक असावे लागते. त्याचे नाते लोहाराच्या भट्टीशी सांगतात. साथीला गिटार नसते. फार तर ऐरणीवर पडणाऱ्या हातोड्याचा आवाज. शब्दांत आई येते, तुरुंग येतो, भूक येते.

भारतीय व्यासपीठांवर एक विधान वारंवार ऐकू येते, की फ्लामेंको ही कथकची मुलगी. ऐकायला ते गोड वाटते, पण त्याला आधार नाही. गितानोंचे पूर्वज भारतातून निघाले तेव्हा आजचा कथक घडलेला नव्हता आणि फ्लामेंकोही नव्हता. फ्लामेंको आकाराला आला अंदालुसियात, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. गितानोंच्या गळ्याबरोबर तिथल्या शेतकऱ्यांची आणि खाणकामगारांची गाणी, मूरांच्या काळातले संगीत, आफ्रिकेतून आणि अमेरिकेतल्या वसाहतींतून बंदरात उतरलेले ताल हे सगळे त्यात मिसळले. आज कथक आणि फ्लामेंकोचे कलाकार एकत्र कार्यक्रम करतात, अनुष्का शंकर यांनी 2011 साली ‘ट्रॅव्हलर’ या अल्बममध्ये सतार आणि फ्लामेंको शेजारी आणून बसवले; ही नाती नवी आहेत आणि तेवढीच मोलाची आहेत. पण साऱ्याचे मूळ आपल्याकडे, असे म्हणून मोकळे झाले की ज्या माणसांनी हालअपेष्टांत हे संगीत घडवले त्यांचे श्रेय हिरावले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाणे घरांतून आणि खानावळींतून कॅफेंच्या मंचावर आले. सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती हा त्या काळातला गाजलेला गायक आणि कॅफेमालकही. 1881 साली आंतोनियो माचादो इ आल्वारेस यांनी फ्लामेंकोच्या गीतांचा पहिला महत्त्वाचा संग्रह छापला. 1922 साली संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी इतरांच्या मदतीने ग्रानादाच्या आलांब्रा किल्ल्यात जुन्या, खोल गाण्याची स्पर्धा भरवली. बाजारूपणात ते गाणे बुडेल, अशी धास्ती त्यांना वाटत होती.

फ्लामेंकोच्या शिक्षणाचा गाभा आहे कोंपास, म्हणजे तालाचे आवर्तन. सोलेआ, अलेग्रिआस, बुलेरिआस आणि सेगिरिया या प्रमुख प्रकारांचे आवर्तन बारा मात्रांचे. एकतालाची सवय असलेल्याला आकडा ओळखीचा वाटतो, पण आतली रचना पार वेगळी आहे. सोलेआत जोर पडतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. बाराव्यापासून मोजले तर तीन, तीन, दोन, दोन, दोन असे गट पडतात. हेच चक्र आठव्या मात्रेपासून सुरू केले, की दोन, दोन, तीन, तीन, दोन असे गट होतात आणि ती सेगिरिया होते. वर्तुळ एकच, पण आत शिरण्याचे दार बदलले की गाण्याची प्रकृतीच बदलते: सोलेआ धीरगंभीर, सेगिरिया काळीज पिळवटणारी. बुलेरिआस सोलेआच्या चक्रावर द्रुत लयीत चालते आणि बाराव्या मात्रेपासून मोजण्याची चाल तिथे रुळलेली आहे. तांगोस हा प्रकार चार मात्रांचा, म्हणून नवख्याला तो लवकर वश होतो.

भारतीय विद्यार्थी अडखळतो तो आणखी एका जागी. आपल्याकडे तिहाई समेवर येते आणि सम म्हणजे पहिली मात्रा. सोलेआत वाक्य मिटते दहाव्या मात्रेवर. अकरा आणि बारा हा श्वास घेण्याचा अवकाश. पहिल्या मात्रेवर जोर देण्याची वर्षानुवर्षांची सवय तिथे आड येते. ती मोडण्याचा उपाय एकच, तो म्हणजे टाळी. आपल्या मैफलीत टाळी पडते ती कार्यक्रम रंगल्याची पावती म्हणून; फ्लामेंकोत टाळी हेच वाद्य. तिला पाल्मास म्हणतात. एक टाळी तळवे पोकळ ठेवून वाजवलेली, दबकी; गायक गात असताना किंवा गिटार एकटी बोलत असताना ती वापरतात. दुसरी तीन बोटे दुसऱ्या तळहातावर आपटून काढलेली, खणखणीत; ती नृत्य चढत जाते तेव्हाची. दोघेजण टाळी देतात तेव्हा एक मात्रेवर वाजवतो आणि दुसरा दोन मात्रांच्या मधल्या फटीत. त्यातून घोड्यांच्या टापांसारखा सलग नाद उठतो. हेरेसच्या सान्तियागो किंवा सान मिगेल या मोहल्ल्यांत वाढलेल्या मुलाला हे कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. लग्नाबारशांत ते त्याच्या हातात उतरते. बाहेरून आलेल्याने शिकवणीचे पहिले काही आठवडे गिटार किंवा बूट बाजूला ठेवून टाळीलाच द्यावेत. अनेकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पुढचे सगळे त्यावरच उभे राहते.

सुरांच्या बाबतीत आपला विद्यार्थी जरा सुखात असतो. फ्लामेंकोची मुख्य सुरावट भैरवी थाटाच्या स्वरांशी जुळते: रे, ग, ध, नी कोमल. गिटारच्या स्वरसंगती मध्यमावरून कोमल गंधार, कोमल रिषभ अशा उतरत षड्जावर येतात. मात्र षड्जावर थांबताना शुद्ध गंधार वाजतो, आणि कोमल व शुद्ध गंधारांच्या या येण्याजाण्यातूनच त्या संगीताचा खास रंग निघतो. अलेग्रिआससारखे कादिसचे आनंदी प्रकार मात्र बिलावल थाटाच्या जवळचे. रागाची शिस्त शोधू गेले तर ती इथे मिळत नाही. प्रत्येक प्रकाराच्या ठरलेल्या चाली असतात आणि गायक त्यांत आपली वळणे घालतो.

फ्लामेंको गिटारची मागची आणि बाजूची फळी परंपरेने सायप्रेस लाकडाची असते, त्यामुळे आवाज कोरडा, तडक येतो आणि लगेच विरतो. वरच्या फळीवर पातळ संरक्षक पट्टी बसवलेली असते, कारण वादक वाजवता वाजवता बोटांनी फळीवर ठोकेही देतो. बोटे एकामागून एक उलगडत तारांवर फिरवणे याला रास्गेआदो म्हणतात. शिक्षणाचा जुना क्रम असा, की वादकाने आधी नृत्याला साथ करावी, मग गाण्याला, आणि सर्वांत शेवटी एकट्याने वाजवावे. अल्जेसिरासच्या पाको दे लुसिया (1947–2014) यांनी एकलवादन जगभर नेले, पण त्यांची घडण साथीतूनच झाली. कामारोन दे ला इस्ला (1950–1992) या गायकाबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रणे साथ कशी करावी याचा वस्तुपाठ आहेत. आज फ्लामेंकोत सर्रास दिसणारी काहोन ही लाकडी पेटी मूळची पेरू देशातली; ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाको यांनीच स्पेनमध्ये रुजवली. नर्तकांच्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले असतात आणि पायांचे काम हे तालवाद्य म्हणूनच ऐकायचे असते.

शिकण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. सेव्हिलमध्ये क्रिस्तिना हीरेन यांच्या नावाच्या प्रतिष्ठानात गाणे, गिटार आणि नृत्य असे तिन्ही अभ्यासक्रम चालतात. त्रियाना हा नदीपलीकडचा जुना मोहल्ला त्याच शहरातला. माद्रिदला ‘आमोर दे दिओस’ ही नृत्याची जुनी शाळा आहे. ग्रानादात साक्रोमोंतेच्या टेकडीवर गुहांत घरे आहेत आणि गोमेरेसच्या चढणीवर गिटार बनवणाऱ्यांची दुकाने. हेरेसला अंदालुसियाचे फ्लामेंको दस्तऐवज केंद्र आहे. तिथे जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत बसता येते. बुलेरिआस शिकायची तर हेरेस, अलेग्रिआससाठी कादिस, असे सर्वसाधारणपणे मानतात. एका महिन्यात ही सगळी गावे पालथी घालायचा मोह आगगाडी वाढवते, कारण सेव्हिलहून हेरेस तासाभराच्या अंतरावर आणि तिथून कादिस त्याहून जवळ. गावे पाहायची असतील तर तसे जरूर करावे. शिकायचे असेल तर एकच गाव निवडावे, एकच गुरू धरावा आणि रोज त्याच वर्गात जावे. आठवड्याचा तुकडा आठवडाभर घोटल्याशिवाय पुढचा मिळत नाही. शिक्षक बहुधा लिहून देत नाहीत. वाजवून दाखवतात आणि परत वाजवायला लावतात. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी परवानगी घ्यावी. स्पॅनिश थोडीफार यायलाच हवी. अंदालुसियात शब्दांच्या शेवटचा ‘स’ बहुधा गिळला जातो, त्यामुळे पुस्तकी स्पॅनिश शिकून गेलेल्यालाही पहिले काही दिवस कान लावून बसावे लागते.

संध्याकाळचा वर्ग भरतो पेन्यात. पेन्या म्हणजे रसिकांनी चालवलेले मंडळ. ग्रानादाचे ‘ला प्लातेरिया’ 1949 साली स्थापन झालेले. ताब्लाओ म्हणजे पर्यटकांसाठीची फ्लामेंकोगृहे; त्यांच्यापेक्षा इथे खर्च कमी आणि श्रोते कडक असतात. गाणे सुरू असताना बोलणे खपत नाही. श्रोत्यांनी हौसेने टाळीचा ठेका धरणेही आवडत नाही, कारण एक चुकार टाळी मंचावरच्या कोंपासला धक्का देते. दाद द्यायची ती ‘ओले’ म्हणून, तीही वाक्य मिटते त्या जागी. आपल्या बैठकीत समेवर ‘क्या बात है’ म्हणणाऱ्याला ही रीत चटकन कळते.

राहण्याचा प्रश्न नर्तकांना अधिक जाणवतो. भाड्याच्या खोलीत खिळ्यांच्या बुटांचा सराव शेजारी चालू देत नाहीत, म्हणून तासाच्या भाड्याने मिळणारी सरावाची खोली धरावी लागते आणि तिचा खर्च आधीच हिशोबात घ्यावा लागतो. गिटारवाल्यांची काळजी निराळी. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत राहिलेले वाद्य अंदालुसियाच्या कोरड्या हवेत आक्रसते आणि फळीला चीर जाण्याचा धोका असतो. पेटीत ओलावा राखणारी डबी ठेवावी किंवा गिटार तिथेच घ्यावी. चौकात गिटार वाजवून खर्च भागवू, हा बेत धरू नये: पर्यटक व्हिसावर कमाईला मुभा नसते आणि रस्त्यावर वाजवण्याबाबत नगरपालिकांचे नियम वेगळे असतात.

काळ निवडताना ऑगस्ट टाळावा. सेव्हिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. हेरेसचा महोत्सव फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरतो आणि त्याला जोडून नृत्याचे वर्ग असतात. सेव्हिलचा द्वैवार्षिक महोत्सव 1980 पासून, आता सम वर्षांच्या सप्टेंबरात. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणूक थांबवून सज्जांतून साएता ही भक्तिगीते गातात. डिसेंबरात हेरेसच्या वाड्यांच्या अंगणांत नाताळची गाणी बुलेरिआसच्या लयीत म्हटली जातात.

निघण्याआधी सोलेआसाठी फेर्नांदा दे उत्रेरा, तर कोणत्याही प्रकारासाठी ला निन्या दे लोस पेइनेस या गायिकांना पुन्हा पुन्हा ऐकावे. भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते आणि किमान 30,000 युरोंचा प्रवासी आरोग्यविमा काढावा लागतो. तीन महिन्यांत एखाद्या प्रकाराचा कोंपास हातात बसतो. पूर्ण शैक्षणिक वर्ष थांबायचे असेल तर विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी संस्थेचे प्रवेशपत्र आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून ऑक्टोबरात वर्गात बसायचे असेल तर संस्थेशी पत्रव्यवहार त्याच वर्षीच्या उन्हाळ्याआधीच सुरू करावा.