आनंद भवन : जुन्या वास्तूतील कायद्याचे शिक्षण



आपल्या बीडच्या काही मुलांनी कायद्याच्या शिक्षणाविषयी विचारणा केली, म्हणून आज आम्ही एका इमारतीविषयी बोलणार आहोत. मुंबईच्या फोर्ट भागातील आनंद भवन.

८ जुलै १९४५ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते लष्करी बराकींत. औरंगाबादला मिलिंदसाठी मोकळ्या माळावर नवे बांधकाम झाले. मुंबईत मात्र बाबासाहेबांनी दादाभाई नौरोजी मार्गावरील जुन्या वास्तू घेतल्या आणि त्यांना आनंद भवन, बुद्ध भवन अशी नावे दिली. १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. १९३५ ते १९३८ या काळात सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या माणसाने कायद्याच्या विद्यार्थ्याला काय लागते हे ओळखले नसते तरच नवल!

जागा पाहा. बोरीबंदर स्टेशन पायी काही मिनिटांवर. हायकोर्टही चालत जाण्याच्या अंतरावर. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे कारकून, कामगार शिकून वेळेवर कामावर हजर. आम्ही नोकरदार माणसे, आम्हाला यातले मोल लगेच कळते. म्हणूनच, इमारत जुनी झाली, आता महाविद्यालय शहराबाहेर न्या, असे कोणी म्हणाले तर आम्हाला ते पटत नाही. लोकलच्या पासावर शिकणाऱ्या मुलाचे शिक्षण तिथेच तुटेल.

मग दुरुस्ती कशी करावी? मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली आहे. मनास येईल तशी तोडफोड करता येत नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला तर ओल आत कोंडते आणि पोपडे पडतात. म्हणून चुन्याला चुनाच लावावा. आधी छप्पर आणि पन्हळी, मग विजेच्या तारा, रंग सर्वांत शेवटी. (आपल्याकडे नेमके उलटे होते, उद्घाटनाची तारीख ठरली की रंगारी आधी येतो.) आणि ग्रंथालय! कायद्याचे जाडजूड ग्रंथ भरलेल्या कपाटांचे वजन साधे नसते. जुन्या तुळया ते पेलतील का, हे अभियंत्याकडून तपासून मगच मजला ठरवावा. जिना चढू न शकणाऱ्यांसाठी लिफ्टही हवी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार ग्रंथालयाबरोबर अभिरूप न्यायालय आणि कायदेविषयक मदत केंद्रही लागते. हे सर्व जुन्या दालनांत बसविणे खर्चाचे आहे, परंतु अशा मोक्याच्या रस्त्यावरची जागा सोडली की पुन्हा मिळत नाही, हे बँकेतला माणूस खात्रीने सांगू शकतो.

मदत केंद्राचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड मजूर कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादमाची उचल, तिचा हिशेब, फडावरचा अपघात, या सगळ्यात कागद वाचणारा माणूस त्यांच्या बाजूने क्वचितच उभा असतो. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ पासून आहे. तिथे जाऊन उभे राहणारी मुले याच घरांतून यावीत. पदवीनंतर तीन वर्षे किंवा बारावीनंतर पाच वर्षे, दोन्ही वाटा खुल्या आहेत.

ज्यांना यंदा प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयाचा आहे त्यांनी सभेनंतर थांबावे. गुणपत्रिका आणि जातीचा दाखला सोबत असेल तर अर्ज आजच भरून देऊ. मुलींच्या पालकांनीही थांबावे, ही विनंती.

जयभीम.