रूळ एकच, मग स्पर्धा कुणाशी?
(शाखेच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



१९९१ पासून आपल्याला एकच धडा शिकवला जातो आहे. बाजार मोकळा सोडा, स्पर्धा होऊ द्या, म्हणजे माल स्वस्त होईल आणि सेवा सुधारेल. यातले सगळेच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. मंडईत एका गाळ्यावर भाव पटला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाते. तिथे बाजार आपले काम करतो. पण पुण्याहून दौंडला जाणारा रेल्वेमार्ग एकच आहे. वाडीवर टपाल नेणारा डाकसेवक एकच आहे. तिथे गिऱ्हाइकाने जायचे कुठे?

हा प्रयोग ब्रिटनने करून पाहिला आहे. १९९३ च्या कायद्याने तिथली रेल्वे तोडली. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, रूळ वेगळ्या कंपनीकडे आणि रुळांची दुरुस्ती कंत्राटदारांकडे. रूळवाली कंपनी रेलट्रॅक १९९६ साली शेअरबाजारात आली. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळ धावत्या गाडीखाली रूळ तुटला आणि ४ प्रवासी ठार झाले. रुळाला तडे आहेत हे आधीपासून माहीत होते. बदलायचा रूळ जागेवर आणून ठेवलेला होता, तो टाकला मात्र गेला नव्हता. गँगमन आणि चावीवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. हिशेबाच्या वहीत दुरुस्ती म्हणजे खर्च; न झालेला अपघात कुठल्याच रकान्यात जमा होत नाही.

पुढच्याच वर्षी रेलट्रॅक बुडीत निघाली. २००२ मध्ये रूळ नफा न वाटणाऱ्या संस्थेकडे गेले आणि नंतर दुरुस्तीचे कामही कंत्राटदारांकडून काढून घेतले गेले. आता २०२४ च्या कायद्याने प्रवासी गाड्याही पुन्हा सरकारी मालकीत येत आहेत. टपाल खाते मात्र त्यांनी २०१३ साली विकले. २०२५ पासून तिथली दुसऱ्या वर्गाची पत्रे शनिवारी वाटली जात नाहीत. इतर दिवशीही एक दिवसाआड वाटण्याची मुभा मिळाली आहे.

आपल्याकडे मुंबईच्या पत्राला जे तिकीट, तेच गडचिरोलीच्या पत्राला. शहराच्या कमाईवर खेड्याची सेवा चालते. बाजार याला तोटा म्हणतो. आम्ही याला न्याय म्हणतो.

पण साथींनो, हा न्याय आपल्या दारातही हवा. स्टेशनची आणि डब्यांची सफाई आज कंत्राटावर चालते. कंत्राट स्वस्त पडते म्हणतात. ते स्वस्त पडते कारण कायम कामगाराइतकाच घाम गाळणाऱ्याला कमी मजुरी मिळते. ही बचत त्याच्या ताटातली आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व उचलून धरले. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे, हेही कायद्यात आहे. त्याला हे सांगणार कोण?

“तो आपला सभासद नाही” असे आपल्यापैकी काही जण म्हणतात. आज तो एकटा आहे म्हणून स्वस्त आहे, आणि तो स्वस्त आहे म्हणून उद्या आपली जागा जाणार आहे. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या स्टेशनवरच्या कंत्राटी कामगारांची यादी करावी, त्यांच्या मजुरीच्या पावत्या तपासाव्यात आणि त्यांना सभेला बोलवावे. बाजाराचा फेरविचार दिल्लीत होईल तेव्हा होईल. आपल्या फलाटावर तो या महिन्यातच सुरू करू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!