आभाराच्या पानावरची माणसे



संशोधकांच्या सहकार्याचे जाळे काढायची रीत सोपी आहे. एका लेखनावर दोन नावे आली की त्यांच्यात रेघ ओढायची. संख्याशास्त्रातली अशी एक ठळक रेघ डॉ. पानसे आणि डॉ. सुखात्मे यांची. शेती-संशोधकांसाठी दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला.

पिकाचा उतारा काढण्याच्या पद्धतीवरही या दोघांनी काम केले. चिठ्ठी काढावी तसे शेत निवडायचे, त्यात तुकडा आखायचा, तेवढेच पीक तोलायचे. आपल्या आदिलाबादेत कापूस एका वेच्यात निघत नाही. दर वेच्याला तोलावा लागतो. तोलणारा शेतकऱ्याशी मराठी, तेलुगू किंवा गोंडीत बोलतो. आकडा तिथे तयार होतो; जाळ्यात मात्र त्याच्या नावाचा ठिपका नसतो.

मीही वेगळे केले नाही. माझ्या प्रबंधासाठी ओव्या सांगणाऱ्या बायांना मी आभाराच्या पानावर ‘गावातील महिला’ एवढ्यातच उरकले. आज त्यांतल्या कित्येकींची नावे मला आठवत नाहीत.

विद्यार्थ्यांना एवढीच विनंती: यंदाच्या बोली-प्रकल्पात शब्द सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि भाषा, त्याला विचारून, पहिल्या पानावर तुमच्या नावाशेजारी लिहा.