आधी नियम, मग कळवळा

कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा द्यायची म्हटले की मुले आधी कायद्याची जाडजूड पुस्तके विकत आणतात. मी या मुलांना 'लीगल रीझनिंग', म्हणजे कायद्याच्या अंगाने विचार करणे शिकवतो. पहिल्या दिवशी पुस्तके पिशवीतच राहू द्या म्हणतो. कारण या प्रश्नांत नियम परीक्षक देतो, घटनाही तोच देतो. आपण दोन्हींची सांगड घालायची. २०२० पासून 'क्लॅट'मध्ये मोठा उतारा असतो, नियम त्यातूनच शोधावा लागतो.

सुरुवात मी 'टॉर्ट'पासून करतो. मराठीत याला अपकृत्य म्हणतात. करार मोडलेला नसतो, तरी एकाने दुसऱ्याचा हक्क दुखावलेला असतो आणि दिवाणी कोर्टात भरपाई मागता येते. वरच्या मजल्यावरून गळणारे पाणी, मोकाट सोडलेला कुत्रा, जिन्याची तुटकी पायरी. विषय इतके ओळखीचे, की मुले नियम विसरतात आणि थेट न्यायनिवाडा करायला बसतात!

नियम घ्या: धोका जाणून जो तो स्वखुशीने पत्करतो, त्याला त्यातून झालेल्या इजेची भरपाई मिळत नाही. घटना: क्रिकेट पाहायला बसलेल्या गरीब मुलाचा हात चेंडू लागून मोडला. निम्मा वर्ग त्याला भरपाई देऊन मोकळा होतो. कळवळा खरा असतो, पण गुण जातो. गरिबी नियमात कुठे आहे? आता तोच चेंडू मैदानाबाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या वडापाववाल्याला लागला. त्याने काही पत्करलेले नाही, म्हणून हा नियम त्याच्या आड येत नाही. त्याला भरपाई मिळेलच असेही नाही. ते ठरवायला दुसरा नियम लागेल.

नुकसान झाले म्हणजे अपकृत्य झाले, हाही असाच एक समज. १४१० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात एकाने जुन्या शाळेसमोर नवी शाळा काढली. जुन्या मास्तरांची फी ४० पेन्सवरून १२ पेन्सवर आली. ते कोर्टात गेले आणि हरले. नुकसान होते, हक्क मोडला नव्हता. (आम्हा क्लासवाल्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा.)

नियम बदलतोही, हे मुलांना उशिरा उमगते. १८६८च्या 'रायलँड्स विरुद्ध फ्लेचर' खटल्यात गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले. निष्काळजीपणा त्याचा नव्हता, तरी तो जबाबदार ठरला. पण या नियमाला दैवी आपत्तीसारखे अपवाद होते. डिसेंबर १९८५मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून वायू गळला. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घातक उद्योगाला हे अपवाद मिळणार नाहीत. उताऱ्यात जुना नियम दिला असेल, तर मात्र उत्तर जुन्यानेच द्यायचे. जास्त वाचलेली मुले नेमकी इथे अडकतात.

मराठी माध्यमातली मुले इंग्रजीच्या धास्तीने मागे सरतात. 'क्लॅट' इंग्रजीत असते, पण राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. विचाराचा सराव तर घरच्या भाषेतच करावा. आज जेवताना हा प्रश्न टाकून पाहा: जत्रेतल्या आकाशपाळण्याचा नट निखळला आणि बसलेला माणूस पडला. धोका जाणून पत्करला, असे मालक म्हणतो. बसणाऱ्याने कोणता धोका पत्करला होता, उंचीचा की सैल नटाचा?